प्यादेमात

तेजलचा पारा चढला होता. नाशिकच्या बुद्धिबळ निवड स्पर्धेत तिनं नांदगावच्या रविराजला लोळवलं, आणि लगेच त्याच्या प्रशिक्षकानं, सुनील सरांनी, पंचांकडे तक्रार ठोकली. म्हणे पोरीच्या चाली संगणकाशी जुळतात, हिनं चोरून मशीन वापरलं! तक्रार खरी ठरली तर राज्याचा संघ गेलाच, वर बंदी आणि जन्माची बदनामी.

"मोबाइल बघितला, बूट बघितले. आता अंबाडा सोडू का?"

पंच शाझिया मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉपवर डाव उघडला. "चाली खरंच जुळतायत, तेजल."

"जुळणारच! रोज संगणकाशीच खेळते मी. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागतोच ना?"

दाराशी आजोबा उभे होते. सावळीराम, ओझरच्या विमान कारखान्यातले जुने फिटर. तिला खेळ त्यांनीच शिकवला, आणि तो खेळ म्हणजे अजब खिचडी. मूळचा पारावरचा देशी डाव. मग दिल्ली-मॉस्कोचं सूत जुळलं आणि ओझरला रशियन आले. त्यांतल्या गेनादीनं सावळीरामला राजाला हत्तीआड लपवायचा किल्लेकोट शिकवला. सावळीरामनं त्याला प्यादेमात दाखवली. वजिरानं कुणीही मारतं, प्याद्यानं मारील तो खरा खेळाडू, हा पाराचा कायदा. पहिली प्यादेमात खाल्ली तेव्हा गेनादीनं उठून कडक सॅल्यूट ठोकला होता. पुढे त्याचा देशच मोडला. रशियन गेले, त्यांची स्वस्त पुस्तकं यायची थांबली, आणि आता मोबाइलच उस्ताद होऊन बसलाय.

"शेवट बघा, मॅडम," तेजल म्हणाली.

मॅडमनी बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अगं, इथे वजिरानं एका चालीत मात होती! दिसली नाही?"

"दिसली. पण आमच्या घरात ती मात धरत नाहीत. म्हणून पुढच्या चालीत प्याद्यानं दिली."

"नाटक आहे!" सुनील सर कडाडले. "संशय नको म्हणून मुद्दाम सोडली."

"मग माझे जुने डाव काढा. आठवीपासूनचे सगळे साइटवर आहेत."

मॅडमनी एकामागून एक डाव काढले. सगळीकडे तेच रडगाणं. संगणक वजीर वजीर म्हणून ओरडतोय आणि ही बया प्यादं ढकलतेय. एका डावात तर तेवढ्यात समोरचा निसटला होता.

"हा तर हातचा घालवलास!"

"घालवला. आजोबा म्हणाले, हरलीस त्याचं काही नाय, प्यादं उशिरा ढकललंस."

आता मात्र मॅडमना हसू आवरेना. "असला गाढवपणा कुठलंही मशीन करणार नाही, सर. तक्रार फेटाळली."

शेवटची फेरी वेदिकाशी होती. जिंकली तरच संघात जागा. आत जाताना आजोबांनी हात धरला. "पोरी, आज लय झालं. वजिरानंच मात दे नि मोकळी हो. माझा हट्ट पुरवू नको."

आजोबांच्या तोंडून असलं काही तिनं कधी ऐकलं नव्हतं.

डाव रंगला, आणि वजिराची मात समोर आली. तेजलनं प्रेक्षकांच्या दोरीपलीकडे बघितलं. आजोबांनी डोळे मिटून घेतले होते. तिनं पुन्हा हिशेब केला. एक चाल थांबलं तरी वेदिकाला सुटायला वाट नव्हती. छान! तिनं प्यादं पुढे ढकललं. वेदिकानं नाइलाजानं हत्ती हलवला, आणि तेजलनं दुसरं प्यादं एक घर सरकवलं.

"मात!"

आजोबांनी डोळे उघडले. पट नीट न्याहाळला. मग गुडघ्यांवर हात टेकत उठले, ताठ उभे राहिले आणि नातीला कडक सॅल्यूट ठोकला.