डांबराच्या गोळ्या काढल्यावर

ठिकाण: अभयारण्य, ओढ्याकाठ.
पकडला: बायकोनं. दिव्यामागच्या पांढऱ्या चादरीवर.

टाचणीला लावलेली ही चिठ्ठी बाबांच्या हातची. चिठ्ठी शाबूत आहे. टाचणीही. पतंग नाही.

(पतंग होता तिथे चिमूटभर तपकिरी भुगा.)

लेकीनं खण ढकलून बंद केला. हिवाळ्यात बाबांचा खोकला हटेना. डॉक्टर म्हणाले, खोलीतला उग्र वास काढा. तिनं किड्यांच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या फेकून दिल्या. बाबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खोकला ठेवला असता आणि गोळ्याही. खोकला गेला. मग मेलेले किडे खाणारे किडे आले. अभयारण्यातून जन्मभर गोळा केलेलं सगळं आतल्या आत फस्त. स्पिरिटच्या बाटल्यांतले कोळी तेवढे वाचले.

"सापडला का गं तुझ्या आईचा पतंग?" पलंगावरून बाबा. "परवा डॉक्टरचं तोंड बघून काय ते कळलंय मला. एकदा बघू दे."

"शोधतेय."

"शोधायचंय काय त्यात? डावीकडचा खण. अख्ख्या जंगलात एकदाच मिळाला. नंतर ओढा आटला, पुन्हा दिसला नाही."

ठिकाण: डावीकडचा खण.
पकडला:

"बाबा, त्यापेक्षा हा कोळी बघा, कसले डोळे आहेत—"

"कोळी तुझ्या सासूला दाखव." ते हसले. "तुझी आई झुरळ बघून कधी किंचाळली नाही. आधी विचारायची, नर की मादी?"

आता काय सांगणार, कपाळ? तिनं खण आणला, त्यांच्या मांडीवर ठेवला, काच सरकवली.

नुसत्या टाचण्या. उभ्या.

बाबांनी वाकून खणाचा वास घेतला.

"गोळ्या?"

"मी काढल्या. तुमच्या खोकल्यासाठी."

त्यांनी हात उचलला. तिला वाटलं, खण भिरकावणार.

"भिंग दे."

भुग्यात काहीतरी हललं. केसाळ अळी, तिळाएवढी. बाबांनी चिमट्यानं ती उचलली. अळी चिरडली नाही.

"चांगली गुटगुटीत झालीय," ते म्हणाले. "तुझ्या आईनं पकडलेला आता हिच्या पोटात."

"बाबा, चुकलंच माझं..."

"गप. अळीला टाचणी मारत नाहीत. स्पिरिटची बाटली आण. आणि चिठ्ठी तू लिही, माझ्या बोटांत दम नाही."

ठिकाण: घर. बाबांची मांडी.

"पकडली कोणी, काय लिहू? तुम्हीच पकडलीत."

"लेकीनं, लिही. मी आता कुठवर..."

वाक्य तिथंच राहिलं. पूर्वी अशा जागी त्यांना खोकला यायचा. आता आला नाही. खोलीला कसलाच वास नव्हता.

पकडली: लेकीनं.

तिनं बूच काढून बाटली पुढे धरली. अळी चिमट्यात वळवळत होती.

"टाकू या," बाबा म्हणाले.

"हं."

"टाकतो."

तिनं बाटली धरूनच ठेवली. त्यांनी चिमटा सोडला नाही.