अख्खा ट्रक की सुटे भाग?

मित्रांनो, मला जुना ट्रक म्हणा, मी रागावणार नाही. भंगार मात्र म्हणू नका. तो शब्द कानावर पडला की माझ्या अंगातले उरलेसुरले बोल्ट सैल होतात, आणि मध्यंतरी चार महिने अंगणात उभा असताना मी दुसरे काही ऐकले नाही.

माझे इंजिन आणि सांगाडा जहाजातून आला. पाठीवरचा लाकडी हौदा मात्र बोलिव्हियाच्या या पठारावर, माझा मालक सेवेरो याने सुताराच्या डोक्यावर बसून करून घेतला. छत्तीस वर्षे मी त्यातून बटाटे वाहिले, मेंढ्या वाहिल्या, वऱ्हाडे वाहिली. बाजाराच्या दिवशी माझा हॉर्न ऐकून लोक गाठोडी बांधायला घेत. तेव्हा मी जरा जास्तच धूर सोडत असे, हे कबूल करतो.

मग सेवेरो वारला आणि मी अंगणात अडकलो. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. ज्याला धावायची सवय, त्याला नुसते उभे करून ठेवण्यासारखा छळ नाही. सेवेरोची बायको बासिलिया दर रविवारी परक्याच्या ट्रकमध्ये मागे उभी राहून बटाटे विकायला जाई, आणि मी फाटकातून पाहत राही.

माझे काय करायचे, यावर घरात तीन मते होती. मुलगी निएवेस शहरात गॅरेजमध्ये काम करते. ती म्हणाली, "जुनं इंजिन काढते, नवं डिझेल बसवते, हौदा कापून आखूड करते. धावेल तरी!"

"कापतेस?" तेओफिलो ओरडला. आमच्याकडे नव्या ट्रकलाही धर्मपिता लागतो, आणि माझा धर्मपिता तो. "माझ्या मांडीवर बाप्तिस्मा झालाय त्याचा! मूळचा निळा रंग, मूळचे आरसे. होता तस्साच करायचा."

"तुमच्या मांडीवर, काका? तरीच गुडघे गेले!" निएवेस म्हणाली.

थोरला मुलगा एलोय हसला नाही. "रंग नको नि इंजिन नको. गुरुवारी एल आल्तोच्या भंगारबाजारातून माणूस येतोय. सुटा सुटा काढून देऊ. चाकं एकाला, आरसे दुसऱ्याला."

तिघांनी आईकडे पाहिले, कारण ट्रक तिच्या नावावर. ती बटाटे सोलत "बघू" म्हणाली. त्या "बघू"ने माझी झोप उडाली.

गुरुवारच्या आधी कार्निव्हलचा मंगळवार आला. त्या दिवशी आम्ही घराला, शेताला, गाडीला दारू पाजतो. पहिली धार जमिनीवर, पाचामामासाठी, म्हणजे धरणीमातेसाठी. मग चाकांवर दारू, फुलांच्या पाकळ्या, रंगीत कागदी फिती. एलोयने विचार केला की भाग चांगले विकले जावेत, म्हणून प्रत्येक भागाला वेगळी दारू द्यावी. बाटली घेऊन तो माझ्याभोवती फिरू लागला.

पण लहानपणापासून बापाच्या मागे फिरून त्याच्या जिभेला वळण लागले होते. "रेडिएटरा, तापू नकोस. चाकांनो, घाटात घसरू नका. ब्रेकांनो, वर्षभर आमची माणसं सांभाळा." दार उघडून त्याने स्टिअरिंगवर चार थेंब शिंपडले. "आणि तू, जाशील तिथून आम्हाला घरी परत आण." एवढे बोलून तो थबकला.

बटाटे सोलणाऱ्या बासिलियाने सुरी खाली ठेवली. "काय मागितलंस?"

"सवयीनं तोंडातून गेलं, आई."

"पाचामामाला तुझी सवय काय माहीत? तिला पाजलंस, वर्षभराचं काम मागितलंस. आता परवा चाकं विकून तिला कुठल्या तोंडानं सामोरा जाशील?"

तेओफिलोने घाईघाईने छातीवर क्रूसाची खूण केली. एलोय माझ्या पायरीवर बसला आणि एवढा मोठा बाप्या ढसाढसा रडू लागला. "मला हा असा उभा बघवत नाही गं. बाबा आतच बसलेत असं वाटतं."

चार महिने मी त्याला वैरी समजत होतो. मला माझीच लाज वाटली.

"मग उभा ठेवू नकोस," बासिलिया म्हणाली. "चालव त्याला. निएवेस, इंजिन बसव, पण हौद्याला करवत लावलीस तर बघ. तेओफिलोभाऊ, रंग तुम्ही द्या. नवसाचा देव नाही, ट्रक आहे, लवकर आटपा."

गुरुवारी तो माणूस आला आणि माझे जुने इंजिन तेवढे घेऊन गेला. ते जाताना मला पाहवले नाही. नव्या इंजिनाशी माझे अजून पुरते जमलेले नाही. ते फार चटकन चिडते. रंग तीन आठवड्यांनी वाळला, आणि रविवारी बासिलिया माझ्या पुढच्या सीटवर ऐटीत बसून बाजाराला गेली. स्टिअरिंगवर एलोय होता.

तरी माझा जीव शांत नाही. मागणे एकाच वर्षाचे आहे, आणि दर वळणावर मला पुढच्या कार्निव्हलची धास्ती वाटते. म्हणून मित्रांनो, तुमच्या दारात माझ्यासारखे कोणी असेल, तर त्याची नुसती धूळ झटकून मागे फिरू नका. त्याच्याकडून काहीतरी काम मागा, आणि वर्ष संपले की पुन्हा येऊन मागा.