जवाईबापूंचा हार

सासुरवाडीला पहिल्या दिवाळीला गेलेल्या जावयाचे लाड काय असतात, ते ज्याचे झाले त्यालाच ठाऊक. मनसारामचे तर असे चालले होते की विचारू नका! पाय धुवायला तांब्या उचलावा, तर सासू रुखमाबाई चुलीपुढून उठून धावत आली.

"अरे बाप्पा! तुमी नोका उचलू, जवाईबापू. लोक काय म्हनतीन आमाले?"

विहिरीकडे गेला, तर सासरा मुखरूनं हातातली बादली काढून घेतली. मुखरू गावच्या तलावावर मासे धरणारा धिवर, बोलायला अगदी कमी. पण जावयासाठी त्यानं एक मोठी मरळ पाण्याच्या घागरीत जिवंत ठेवली होती आणि तासातासाला जाऊन तिला बघत होता. मनसाराम बल्लारशाकडे एका लाकडाच्या डेपोत ओंडक्यांवर हातोड्यानं छाप मारायचं काम करी. वर्षभर मुकादमाच्या शिव्या खाणारा माणूस. त्याला हे सगळं गोड लागत होतं. लागणारच की!

पण त्या गोडव्यात एक खडा होता, आणि तो त्याच्या एकट्याच्या दातांखाली येत होता.

झालं होतं असं. त्याची बायको गोकुळा नवरात्राच्या आधीच माहेरी आली होती. निघताना तिनं एकच गोष्ट मागितली होती. "मले लुगडं-फिगडं नोका आणू जी. माह्या चिमनीले घुंगराचा पट्टा आणा. चांद्याच्या बाजारात भेटते."

चिमणी म्हणजे तिची शेळी. पांढरी, कानाशी तांबूस, एवढीशी. तिची आई बिबट्यानं नेली तेव्हा हे पिल्लू गोकुळानं चिंधीच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं. रात्री अंथरुणाशी, दिवसा पायापायांत. लग्नात ती माहेरीच राहिली, म्हणून गोकुळा सासरी जाताना आईबापासाठी रडली त्याहून जास्त शेळीसाठी रडली, असं गावात अजून हसून सांगत. आता पाडवा झाला की चिमणी तिच्यासोबत बल्लारशाला जाणार होती. तसं ठरलं होतं. "तुमी डेपोत गेले का मी दिवसभर कोनासंगं बोलू?" असं तिनं विचारलं होतं. पट्टा हवा होता तो त्यासाठी. अनोळखी गावात शेळी भटकली तर घुंगरू वाजलं पाहिजे.

आणि हा पठ्ठ्या पट्टा विसरला! चांद्याला उतरला, डेपोतला लटारू भेटला, दोघं टुरिंग टाकीजच्या तंबूत जाऊन बसले. खेळ आवडला म्हणून पुन्हा बसले. बाहेर आले तेव्हा दुकानांच्या फळ्या लागल्या होत्या. सकाळची मोटार धरायची होती. लुगडं आधीच घेतलेलं होतं, गुळाची ढेप घेतली होती. पट्ट्याची आठवण झाली ती मोटार अर्ध्या वाटेवर, जंगल खात्याच्या बंगल्यापाशी पाणी भरायला थांबली तेव्हा.

मनसाराम वाईट नव्हता हो. पण चूक झाली की तिच्यावर गोड बोलून पांघरूण घालायची त्याला खोड होती. बंगल्याच्या कुंपणाला कण्हेर फुलली होती, गुलाबी, गच्च. त्यानं डहाळ्या तोडल्या, पिशवीतली सुतळी काढली, आणि मोटारीत बसल्या बसल्या पानाफुलांचा लांबलचक हार ओवला. कण्हेर विषारी असते हे काय त्याला माहीत नव्हतं? झाडीपट्टीत जन्मलेल्या पोरालाही माहीत असतं. पण 'ढोरं कण्हेरीले तोंड लावत नाईत' हेही त्याला माहीत होतं, आणि त्या घटकेला तेवढंच त्यानं आठवलं. हार पिशवीत टाकला. पिशवीत गूळ होता, आणि मोटारीच्या उन्हात त्याला पाणी सुटलं होतं.

घरी पोचल्यावर गोकुळानं डोळ्यांनीच विचारलं. यानं हार काढून पुढं धरला.

"पट्टा कोनीबी आनते. माह्या हातानं ओवला म्हनलं चिमनीसाठी. तुह्यासाठीच बसून ओवला."

गोकुळाचा चेहरा असा फुलला की त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. लुगड्याची घडी तिनं मोडलीसुद्धा नाही, हार मात्र ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. मुखरू तिथेच जाळं शिवत बसला होता. त्यानं एकदा हाराकडे पाहिलं, एकदा जावयाकडे पाहिलं.

"कण्हेर हाय वाटते, जवाईबापू?"

"हो. ढोरं तोंड नाई लावत तिले," मनसाराम म्हणाला.

"ते बी खरं हाय," मुखरू म्हणाला आणि पुन्हा जाळ्याच्या गाठी मारू लागला. जावई दिवाळीला आलेला. त्याचं बोलणं खोडायचं नाही, त्याची वस्तू परत करायची नाही. या घरात तरी कोणी तसं करणार नव्हतं.

पाडव्याच्या सकाळी गावात गायगोधन. गाईबैलांची शिंगं गेरूनं रंगवलेली, गळ्यांत माळा, माथ्यांवर मोरपिसं. गुराखी गोवारी डफ वाजवत ढोरं आखरावर, गावाबाहेर ढोरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, नेत होते. गोकुळा चिमणीच्या बाबतीत फार जपणारी. उधळलेली ढोरं तुडवतील म्हणून तिनं तिला आखरावर नेलं नाही. पोरांच्या फटाक्यांनी बिचकेल म्हणून मागच्या अंगणात बांधलं. पणती कलंडू नये म्हणून पणत्या उचलून वर ठेवल्या. सगळं सगळं केलं, आणि मग स्वतःच्या हातानं तो हार तिच्या गळ्यात घातला. हार लांब होता, गुडघ्यापर्यंत लोंबत होता.

"नवरी दिसून राह्यली हो तुही शेळी," मनसाराम म्हणाला. गोकुळा लाजली.

सगळे आखरावर गेले. चिमणी कधी कळपात चरली नव्हती. कशाला तोंड लावायचं नाही हे तिला शिकवणारं कोणी नव्हतं. गोकुळाच्या हातून येतं ते खायचं, एवढीच तिची अक्कल. खाली बसली तेव्हा हाराचं टोक तिच्या तोंडापुढे आलं. पानं रात्रभरात मलूल झालेली, आणि वर गुळाचा चिकटा. तिनं चाटलं, मग चावलं.

परत आले तेव्हा ती आडवी पडली होती. तोंडाला फेस, पाय ताणलेले, पोट धपापत होतं. गळ्यात अर्धाच हार उरला होता. गोकुळानं हातातलं ताट टाकलं आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"चिमने! ए चिमने! काय झालं वो माय हिले?"

मुखरू तसाच उलटपावली सुकरीला बोलवायला गेला. सुकरी ही गावातली म्हातारी, शेळ्यामेंढ्यांचं दुखलं-खुपलं तीच बघायची. ती येईपर्यंत अंगणात मनसाराम उभा, आणि त्याच्या डोळ्यांदेखत रुखमाबाई खाली वाकली. शेळीच्या गळ्यातला उरलेला हार तिनं तोडला, चुरगाळला, आणि पदराखाली घेतला. उठताना तिची नि जावयाची नजर एक झाली.  त्याची इज्जत झाकत होती ती माऊली! मनसारामच्या कानशिलांना आग लागली, पण पाय जागचे हलले नाहीत.

सुकरी आली. तिनं शेळीचे कान धरून पाहिले, पोट चेपलं.

"थंडी पडून राह्यली. काय खाल्लं हिनं?"

 मुखरू जमिनीकडे बघत होता.

"अवो, तोंडं शिवली का तुमची? काय खाल्लं?"

"काय मालूम बाई," रुखमाबाई म्हणाली. "आमी त आखरावर होतो."

मनसाराम, आता बोल! त्याच्या मनानं त्याला किती ढुसण्या दिल्या. एक शब्दच तर उच्चारायचा होता. पण अंगणात शेजारपाजार जमला होता, आणि मधोमध तो उभा, नव्या धोतरात, टोपीला गुलालाचा टिळा. त्यानं घसा खाकरला आणि टोपी सारखी केली.

सुकरीला पोट फुगल्यासारखं वाटलं. तिनं जवसाचं तेल पाजायला लावलं, उठवून चालवायला सांगितलं. गोकुळा त्या शेळीला दोन्ही हातांनी धरून चालवत होती, चिमणीचे पाय मुडपत होते. ऊन माथ्यावर यायच्या आत चिमणीनं मान टाकली.

"पान लागलं असंल," मुखरू बाहेर जमलेल्यांना म्हणाला. "गवतात साप निंगते या दिवसांत." लोक हळहळले आणि आपापल्या घरी गेले. दुपारी रुखमाबाईनं ताट वाढलं. मरळीचा सगळ्यात चांगला तुकडा जावयाच्या ताटात. "घ्या ना जवाईबापू, तुमाले आवडते म्हून केली." तो तुकडा त्यानं कसा गिळला ते त्यालाच माहीत. कोणी त्याला रागानं बघितलं असतं तरी बरं वाटलं असतं. कोणी बघितलंच नाही. उलट अनारसे आले, पान आलं, दुपारी पडायला खाट आली. मेलेली शेळी मागच्या भिंतीशी पोत्याखाली झाकून ठेवली होती. जावई झोपला की तिची वाट लावू, असं मुखरू बायकोला हळूच सांगत होता. खाटेवर पडलेल्या मनसारामनं ते ऐकलं. शरमेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवेलागणीला ओवाळणीची तयारी झाली. पाडवा चुकवता येत नाही. पाट, रांगोळी, निरांजन. सुकरीलाही रुखमाबाईनं बोलावलं होतं, सणाला तिच्या घरी कोणी नव्हतं म्हणून. गोकुळा नवं लुगडं नेसून आली. डोळे सुजलेले. तिनं कुंकू लावलं, ताट उचललं. ताटातला दिवा एकदा त्याच्या तोंडापुढून फिरला, आणि मनसारामनं तिचा हात धरला.

"थांब. साप नोहता तो."

"जवाईबापू, अन्न थंडं होऊन राह्यलं," मुखरू घाईनं म्हणाला.

"नाई मामाजी, बोलू द्या मले. कण्हेर खाल्ली तिनं. माह्या हाराची. मले मालूम होतं. सकाळीच मालूम होतं."

सुकरीनं कपाळावर हात मारला. "कण्हेर? अन् मी इचारलं तवा मुके झाले होते का सारे? कोळसा कुटून पाजला असता मी! जगली असती का नसती, देव जाने. पन तेल त नसतं पाजलं!"

 गोकुळा ताटातल्या दिव्याकडे बघत बोलली.

"त्यायले एकट्याले काहाले बोलता? मले बी मालूम होतं. काल फडक्यात ठेवतानाच वळखलं म्या. पन माह्यासाठी बसून ओवला म्हनले. असं कोनी कदी काही केलं नोहतं माह्यासाठी. म्हनलं, काढून ठेवला त त्यायचं मन मोडंल. माह्याच हातानं घातला मी."

झालं. यापुढं कोणी काही बोलणार नव्हतं. रुखमाबाई पदरानं डोळे टिपत होती, मुखरूनं मान हलवली. दोष असा वाटून गेला की मनसारामच्या वाट्याला थोडासाच उरला. आता गप्प बसला असता, तर उरलेला पाडवा पार पडला असता. बायको त्याच्यासोबत निघाली असती, आणि तो हार आयुष्यभर तिनं मनाशी धरला असता. त्याला हे सगळं दिसत होतं, आणि त्याचीच त्याला किळस आली.

"तुह्यासाठी नोहता ओवला," तो म्हणाला. "मी पट्टा इसरलो. टाकीजमधी बसलो लटारूसंगं, दोन खेळ पाह्यले, बाजार उठला. मोटारीत आठवन झाली. तोंड दाखवाले काहीतरी पाह्यजे म्हून कुंपनाची कण्हेर तोडली. बस. एवढंच होतं ते."

निरांजनाची वात तडतडली. गोकुळानं ताट खाली ठेवलं. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याची मान पुन्हा वर झाली नाही. 

मग रुखमाबाई उठली. कोनाड्यातून तिनं तो चुरगाळलेला अर्धा हार काढला आणि चुलीत टाकला. दारामागची कुदळ उचलून तिनं पाटापुढे आणून ठेवली. कालपासून ज्याला तांब्या उचलू दिला नव्हता, त्याला ती म्हणाली,

"ऊठ मनसाराम. परसात खड्डा कर. खोल कर, नाई त कोल्हे उकरून नेतीन तिले."

मनसारामनं टोपी काढून पाटावर ठेवली, धोतर खोचलं आणि कुदळ घेतली. परसातली जमीन मुरमाड होती. त्याच्या हातांना सवय होती, पण घाव नीट बसत नव्हता, कारण डोळ्यांना पाणी आलं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. थोड्या वेळानं खड्ड्यात उजेड पडला. गोकुळा ताटातलं निरांजन हातात धरून काठावर उभी होती.

"अजून खोल," ती म्हणाली.

तो खणत राहिला. त्या साली ओवाळणी एका फेऱ्यावरच राहिली.