दुसरा ब्रेक

मी गाडी शिकवतो. एकोणीस वर्षं झाली. माझ्या गाडीत दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा माझ्या. समोरून ट्रक आला की शिकणारा डोळे मिटतो, मी पाय दाबतो आणि गाडी थांबली की तो स्वतःवरच खूश होऊन माझ्याकडे बघतो. मी त्याला तसंच वाटू देतो. शेवटच्या दिवशी मात्र मी सीटवर चक्क मांडी घालून बसतो. गुडघा डॅशबोर्डला घासतो, कंबर धरते, बाहेरचे लोक वाकून बघतात. बघेनात का. माझे दोन्ही पाय वर आहेत हे शिकणाऱ्याला दिसलं पाहिजे. इतके दिवस गाडी कोण चालवत होतं, ते त्या दिवशी कळतं.

हे शहाणपण गाडीपुरतंच होतं. घरात शिरताना मी ते चपलांबरोबर बाहेर काढून ठेवत असणार.

आमची मुलगी दहावीला. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायला लागलो, आणि आता दिवसभर पुस्तकापुढे बसून असते तरी भिंगरीच. तिचा अभ्यास मीच घ्यायचो. संध्याकाळी कामावरून आलो की चहा, आणि चहाबरोबर इतिहास. मी विचारायचो, ती धडाधड सांगायची. पोरगी नाव काढणार, असं मी शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. आगाऊपणा, दुसरं काय.

मग सराव परीक्षेचा पेपर हातात आला. ऐंशीपैकी अकरा. पहिली दोन पानं कोरी. वर्गाच्या बाईंनी मला आणि बायकोला शाळेत बोलावलं. भिंगरी तासभर नुसतं पेन धरून बसली होती म्हणे, आणि खऱ्या परीक्षेत असंच झालं तर वर्ष गेलंच म्हणून समजा. पोरीनं तर त्याच्या आधीच जेवण टाकलं होतं. सकाळी उठली की पोटात दुखायचं, आणि न्हाणीघरातून डोळे लाल करून बाहेर यायची.

मी आपला भडकलो. घरी सगळं येतं, मग तिथे काय भूत बसतं का, असं काहीबाही बोलून गेलो. ती शांतपणे म्हणाली, "घरी येतं, बाबा. तिथे पहिला शब्दच सापडत नाही."

मग सगळे उपाय झाले. पहाटे उठवून झालं. फ्रिजवर रंगीत वेळापत्रक लागलं, त्यातला हिरवा रंग कशाचा ते शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. मेव्हण्यानं सांगितलं, आकडे मोजत श्वास घ्यायला लावा. तिनं चारशेपर्यंत मोजले आणि प्रश्न काय होता तेच विसरली. पालथ्या घड्यावर पाणी.

एका संध्याकाळी आमचा इतिहास चालला होता आणि बायको बाजूला कपड्यांच्या घड्या घालत होती. ती एकदम म्हणाली, "अहो, मघापासून नऊ प्रश्न झाले. नऊच्या नऊ उत्तरांचा पहिला शब्द तुम्ही बोललात."

काहीतरीच, म्हटलं मी. ती म्हणाली, विचारा दहावा.

मी विचारलं, फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं सांग. भिंगरीनं माझ्याकडे बघितलं. दोन सेकंदही झाले नसतील आणि माझ्याच तोंडून "शेतकऱ्यांवर" बाहेर पडलं. पुढचं तिनं फडाफडा म्हणून दाखवलं. बायकोनं उशीचा अभ्रा झटकला. "घरीसुद्धा तुमचा पाय पेडलवरच असतो," ती म्हणाली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. एकोणीस वर्षं जगाला शिकवतोय, आणि पोटच्या पोरीला एकदाही एकटीला चालवू दिलं नव्हतं.

गप्प बसायचं ठरवलं, पण माझं तोंड मला ठाऊक आहे. मिठाची गुळणी धरून बसणं आजवर नुसतं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ती खरीच धरली, बिनमिठाची. भिंगरीला आधी सगळं सांगितलं, प्रश्न विचारला, आणि तोंडभर पाणी घेऊन बसलो. ती माझ्याकडे बघत राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या तोंडातलं आता नाकातून येणार अशी वेळ. दारातून बायकोनं मान हलवून दटावलं. चौथ्या मिनिटाला पोरीचं लक्ष माझ्या फुगलेल्या गालांकडे गेलं आणि ती फिसकन हसली. मग बोलायला लागली. आधी तिसरं कारण, मग दुसरं, मग पहिलं. आनंदाच्या भरात मी पाणी गिळायला गेलो आणि जोराचा ठसका लागला.

परीक्षेला अठरा दिवस होते. रोज तेच. चाराची दोन मिनिटं झाली, दोनाचं अर्धं. एके दिवशी तर मी ग्लास भरत होतो तेवढ्यात तिचं निम्मं उत्तर झालं होतं. जेवायलाही लागली.

इतिहासाच्या पेपरला मी सुट्टी काढून फाटकाशी तीन तास उन्हात उभा राहिलो. पाचावर धारण बसली होती, तिची नव्हे, माझी. ती बाहेर आली. मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"पहिली दहा मिनिटं काहीच सुचलं नाही," ती म्हणाली. "मग तुमचे गाल आठवले. तिसरं कारण सापडलं, तिथून सुरू केलं. दोन छोटे प्रश्न राहिले फक्त."

कुठले दोन, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

गाडीत बसल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा, उद्या फाटकाशी थांबू नका. मी बसनं जाईन. तुम्ही आता मांडी घालून बसा."

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. आणि रस्ताभर अभिमानानं ऊरही भरून आला होता.

दुसऱ्या दिवशी अकराला तिचा विज्ञानाचा पेपर. मी शिकवणीवर होतो. पोस्टात काम करणाऱ्या एक बाई शिकत होत्या, त्यांचा पाचवा दिवस. अकराला पाच कमी असताना मी त्यांना गाडी कडेला लावायला सांगितली, इंजिन बंद करायला लावलं आणि दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली.

बाई घाबरल्या. "सर, आज माझा शेवटचा दिवस?"

"तुमचा नाही," मी म्हटलं. अकरा वाजून गेले. मग मी पाय खाली घेतले आणि त्यांना गाडी सुरू करायला सांगितली.