हैबतरावांच्या कमरेवरून उतरलेल्या आठ कड्या

मित्रांनो, मी एक जुना चांदीचा करदोडा आहे. तुमच्यातल्या निम्म्यांनी मला पाहिलंही नसेल. तुमच्या चड्ड्यांना इलॅस्टिक आलं आणि आमचं कामच संपलं. पण मुळशीतल्या आमच्या रिहे गावात अजून काही कमरांवर आमचं राज्य आहे. पोर तान्हं असतानाच त्याच्या कमरेला काळा दोरा बांधतात आणि तेव्हापासून गडीमाणसाची कमर कधी मोकळी ठेवत नाहीत. ती मोकळी होते एकदाच, माणूस गेल्यावर. या रीतीवरून पुढे बरंच रामायण घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म पौडला सोनाराच्या दुकानात झाला. हैबतरावांच्या लग्नात त्यांच्या सासऱ्यांनी मला हौसेनं घडवून घेतलं. अर्ध्या अर्ध्या इंचाच्या कड्या आणि पुढे एक आकडा, एवढाच माझा देह. लग्नाच्या दिवशी चार लोकांनी माझं कौतुक केलं, त्यानंतरचं माझं सगळं आयुष्य सदऱ्याखाली गेलं. भाताच्या लावणीला माझ्या कड्यांत चिखल जाई, आणि दिवाळीच्या आधी हैबतरावांच्या पत्नी लीलाबाई रिठ्याच्या पाण्यानं मला कमरेवरच घासून काढत. जग मी फारसं पाहिलं नाही. पण हैबतरावांचं पोट माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. ते भरलं, बिघडलं, हसताना हललं, की पहिली खबर मला.

शेतीच्या जोडीला हैबतराव काही वर्षं टेम्पो चालवायचे. पंधरा वर्षांपूर्वी ते फार आजारी पडले आणि तपासणीत एचआयव्ही निघाला. आजार कुठून आला, हे लीलाबाईंनी एकदाच विचारलं. मग आठ दिवस अबोला धरला आणि नवव्या दिवशी स्वतःची तपासणी करून आल्या. त्यांना लागण नव्हती. त्या दिवशी त्यांनी नवऱ्यापुढं ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "आता गोळी चुकवायची न्हाई. चुकवलीत तर माझ्याशी गाठ हाय."

हैबतरावांनी एकही गोळी चुकवली नाही. पुण्याच्या सरकारी केंद्रातून गोळ्या आणायच्या आणि रोज जेवण झालं की एक घ्यायची. वर्षभरात त्यांना अशी काही तब्येत आली, की जनार्दन सोनाराकडून मला दोन जादा कड्या जोडून घ्याव्या लागल्या. तेव्हा मी किती मिरवलो म्हणून सांगू! गावात मात्र कुणाला काही कळू दिलं नाही. ही गोष्ट घरात दोघांनाच ठाऊक होती. मला धरून तिघांना.

मग दोन वर्षांपूर्वी पोटाचं गणित बिघडलं. कधी तीन तीन दिवस परसाकडे होत नसे, कधी दिवसातून पाच वेळा धावावं लागे, आणि अधूनमधून रक्त पडे. हैबतरावांनी स्वतःच ठरवून टाकलं, ही मूळव्याध. गावाजवळच्या डॉक्टरांकडून मलम आणलं. डॉक्टर म्हणाले होते, "महिन्यात थांबलं नाही तर पुण्याला दुर्बिणीनं तपासून घ्या." ते हैबतरावांनी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. शिवाय आपल्याला एचआयव्ही आहे, हे त्या डॉक्टरांना त्यांनी सांगितलंच नाही, कारण गावात षट्कर्णी व्हायची भीती.

आणि पुण्याच्या केंद्रात? तिथल्या डॉक्टर मॅडमना एचआयव्ही ठाऊक, पण रक्त पडतं हे ठाऊक नाही. वजन घटलेलं दिसलं तर मॅडम आपल्या मानवलेल्या गोळ्या बदलतील, असं या शहाण्या माणसाच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून केंद्रात जायच्या दिवशी ते पाणी उपसायच्या पंपाचे दोन मोठे लोखंडी पाने पायजम्याच्या खिशांत घालायचे आणि तसेच वजनकाट्यावर उभे राहायचे! पायजमा खाली ओढला जाई आणि त्या पान्यांचा सगळा भार माझ्यावर. मला इतका राग यायचा, की आकडा सोडून द्यावा आणि भर केंद्रात फजिती करावी. पण जीव होता ना त्यांच्यावर. धरून ठेवलं.

काटा फसला, मी कसा फसणार? मी कमरेवरून घसरू लागलो. जनार्दननं, नेहमीसारखं मला कमरेवरून न उतरवताच, आधी दोन कड्या काढल्या, चार महिन्यांनी तीन, आणि या होळीच्या आधी आणखी तीन. काढलेली चांदी तो दर वेळी कागदाच्या पुडीत बांधून लीलाबाईंच्या हातात देई. तिसऱ्या वेळी पुडी देताना तो घुटमळला.

"वैनी, आठ कड्या काढल्या मी. वाढीव दोन तर कवाच गेल्या. आता लग्नापेक्षा बारीक कंबर झाली. माणूस चाललाय कुटं?"

लीलाबाई तडक घरी आल्या. विचारलं तर हैबतराव म्हणाले, "जुनंच दुखणं हाय. त्यानं माणूस वाळतोच."

"मंग पंधरा वरसं गोळ्या कशाला गिळल्या?" लीलाबाई म्हणाल्या. पुढच्या तारखेला त्या त्यांच्याबरोबर पुण्याला गेल्या, आणि मॅडमनी "कसं काय?" विचारताच लीलाबाईंनी "ह्या करदोड्यातनं काढाव्या लागल्या" म्हणत तिन्ही पुड्या टेबलावर सोडून ठेवल्या.

मॅडमनी कड्या ओळीत मांडल्या आणि पट्टीनं मोजल्या. चार इंच. मग वजनाची नोंद पाहून आणि हैबतरावांच्या फुगलेल्या खिशांकडे बघून त्या म्हणाल्या, "खिसे रिकामे करा." दोन पाने टेबलावर आले. पुन्हा वजन केलं. दीड वर्षात दहा किलो गेले होते. हैबतरावांची मान खाली गेली आणि मग एकेक करून सगळं बाहेर आलं, रक्तसुद्धा.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी रक्ताचे जुने अहवाल उघडले आणि म्हणाल्या, "हैबतराव, तुमचा एचआयव्ही अगदी ताब्यात आहे. तुम्ही गोळ्या इतक्या नेटानं घेतल्यात. म्हणून तर हे वजन त्याच्या नावावर घालता येणार नाही. दुसरं काहीतरी आहे आणि ते शोधायला हवं."

आतड्याचा टीबी असेल, दुसरा काही संसर्ग असेल किंवा कॅन्सर असेल, त्या सांगत होत्या. बाहेरून ही सगळी दुखणी सारखीच दिसतात. दुर्बिणीतून पाहून आतड्याचा छोटा तुकडा काढायचा आणि तो तपासायचा, त्याशिवाय खरं कळत नाही. तुकड्याबरोबरच्या कागदावर एचआयव्ही लिहायचं म्हटल्यावर हैबतराव खुर्चीत चुळबुळले. मॅडमनी समजावलं, की तपासणाऱ्याला ते ठाऊक असलं तर काय काय शोधायचं हे त्याला कळतं, आणि ही माहिती गुप्तच राहते. हैबतरावांनी लीलाबाईंकडे पाहिलं.

"लिवा," लीलाबाई म्हणाल्या.

तपासणीच्या दिवशी सिस्टर म्हणाली, अंगावरची चांदी काढून ठेवा. हैबतराव उठूनच बसले. "करदोडा मेल्यावर काढत्यात. मी अजून हाय." पोट साफ करायचं औषध पिऊन ते आधीच गळून गेले होते, त्यात हा हट्ट. नाही म्हणजे नाही. तपासणी न करताच घरी निघायची भाषा सुरू झाली. माझ्यामुळं तपासणी अडली, मित्रांनो! त्या क्षणी मला माझी लाज वाटली. जीव लावलेल्या माणसाच्या वाटेत मीच आडवा आलो होतो.

लीलाबाईंनी वाद घातला नाही. पिशवीतून काळ्या दोऱ्याची गुंडाळी काढली, आधी दोरा हैबतरावांच्या कमरेला बांधला, गाठ मारली, आणि मगच माझा आकडा सोडला. "बगा, क्षणभरबी मोकळी न्हाई ऱ्हायली." हैबतराव उठून आत गेले. मी बाहेर बाकावर लीलाबाईंच्या मुठीत होतो. ती मूठ तासभर ढिली झाली नाही.

आठवड्यानं निकाल आला. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ. पण इतरत्र कुठे पसरलेली नव्हती, ती कापून काढता आली. एचआयव्हीच्या गोळ्या एक दिवसही थांबल्या नाहीत. आणखी चार-सहा महिने गेले असते तर काय झालं असतं, हे मॅडमनी सांगितलं नाही आणि लीलाबाईंनी विचारलं नाही.

आता मी कपाटात असतो. टाक्यांच्या जागी चांदी रुतते, म्हणून हैबतरावांच्या कमरेला दोराच आहे. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. ज्या पोटावर उभी हयात काढली ते आता दुरून बघायचं. पण ते पोट आहे, जेवतं आहे, हसताना हलतं आहे. आणखी काय हवं?

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. घरातल्या कुणाला जुना आजार असला, तर नवं दुखणं त्याच्या माथी मारून गप्प बसू नका. आणि एका डॉक्टरला अर्धं, दुसऱ्याला अर्धं असं सांगू नका. मला दोन वर्षं सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.

परवा शेजारचे नथू चहाला आले होते. बोलता बोलता म्हणाले, चार महिने रक्त पडतंय, मूळव्याध आहे, मलम लावतोय. कपाटाचं दार उघडंच होतं, मी ऐकत होतो. हैबतरावांनी हातातली बशी खाली ठेवली.

"नथू," ते म्हणाले, "मला पंधरा वरसं एचआयव्ही हाय. वर आतड्याचा कॅन्सर झाला. मीबी मूळव्याधच म्हणत हुतो."

लीलाबाईंचा हात किटलीवर तसाच राहिला. नथूंनी हातातल्या कपाकडे पाहिलं. या घरातला कप, अर्धा भरलेला. मग त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले,

"उद्या पुण्याला किती वाजता निघायचं?"