सारखे झिजलेले तळ

आधी बदलला तो आवाज. सासरे मागच्या खोलीतून चहाला स्वयंपाकघरात यायचे, त्या दहा-बारा पावलांचा. इतकी वर्षं ती पावलं कुणाच्या कानावरही पडत नव्हती. आता टाच टेकायच्या आधी पंजा आपटायचा. फट. थोड्या वेळाने पुन्हा, फट. ओल्या फडक्याने कुणी फरशी झोडपावी तसा.

"आले, ढोल वाजवत आले," सासूबाई म्हणायच्या आणि कप पुढे सरकवायच्या.

"अगं, जड माणसाचं पाऊल जडच पडणार," सासरे म्हणायचे. हसताना त्यांचा एक हात मात्र दाराची चौकट सोडत नसे. तो हात सुनेने पाहिला होता.

तिला घरात सगळे मास्तरीण म्हणत. ती कॉलेज शिकलेली, हाती येईल ते वाचणारी, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा न सोडणारी. नाव सासऱ्यांनीच ठेवलं होतं आणि त्यात कौतुक किती, टोमणा किती, हे त्यांनाच ठाऊक. अडीच वर्षांपूर्वी मुलगी, ठकी, झाल्यापासून तर तिच्या डोळ्यांना विश्रांती नव्हती. पोरगी झोपली तरी ही श्वास मोजत बसायची.

सासऱ्यांचं ती एका वहीत लिहून ठेवू लागली. जिना चढताना बोट अडकतं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो, डोळे उघडले की सावरतात. अंधारात भिंत धरतात. पाय गार पडतात म्हणतात, पण हात लावला तर गरम लागतात.

वही घेऊन ती त्यांना गल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी साखर तपासली, ठीक. कानात दिवा टाकून पाहिलं, ठीक. आडवं करून आणि उभं करून रक्तदाब मोजला, तोही ठीक. "मानेचा मणका असेल? डोळ्यांचा नंबर? रक्तात काही कमी?" तिने एकामागून एक विचारलं.

"कारणं तुम्हीच सांगताय, मी नुसती मान डोलावतोय," डॉक्टर हसले. "वय झालंय हो. काठी द्या हातात."

सासरे काय काम करतात, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. विचारणार कशाला? डॉक्टरांच्या पायातले बूट सासऱ्यांनीच शिवलेले होते.

मागची खोली म्हणजे बुटांचा कारखाना. एका बाजूला सासरे, समोर त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, आणि मध्ये लाकडी साच्यांची रास. पूर्वी तळ दोऱ्याने शिवायचे. गेल्या वर्षी एका मोठ्या दुकानाचं काम मिळालं, तेव्हापासून तळ चिकटवायचे. त्यासाठी सोल्युशनचा डबा यायचा, आणि सोल्युशन बनवणारा जुना कारखाना बंद पडल्यावर येऊ लागला तो नवा डबा कोरा होता. त्यावर एक अक्षर नव्हतं. घरातल्या एकुलत्या एका वाचणाऱ्या बाईला वाचायला काही नव्हतं.

त्या खोलीचा एक नियम होता: तळाला सोल्युशन लागलं की दार-खिडकी बंद. बाहेरून धूळ आली, एक कण बसला, की आठ दिवसांत तळ तोंड उघडतो आणि गिऱ्हाईक दारात उभं. त्यात थंडीचे दिवस. सगळ्या घरात उबदार जागा तीच. ठकी दुपारी तिथेच झोपायची, आजोबांच्या मांडीपाशी, कातड्याच्या मऊ तुकड्यांवर. पोरीला वारा लागू नये म्हणून मास्तरीण रोज दुपारी जुन्या चादरीची घडी करून दाराखालच्या फटीत घट्ट कोंबायची. वास यायचा, गोडसर. चार दिवस आला, मग घरात कुणालाच येईनासा झाला.

आणि एका सकाळी स्वयंपाकघरात दोन आवाज आले. फट. आणि मागून बारीक, फट.

ठकी आजोबांच्या मागे चालत होती. गुडघा उंच उचलून, पाऊल खाली सोडून देत, हात पसरून. सासूबाईंच्या हातातलं पीठ सांडलं इतक्या त्या हसल्या. "बघा, बघा! हुबेहूब! आजोबाची नक्कल करतेय कार्टी!"

नवराही हसला. "काठी द्या तिलाही."

ठकीला एवढे प्रेक्षक मिळाल्यावर ती आणखी जोरात पाय आपटू लागली. मास्तरीणही हसली. हसली, आणि नंतर कितीतरी दिवस ते हसू तिला टोचत राहिलं.

कारण दुपारी अंगणात कुणी बघत नसताना, चेंडूमागे जातानाही ठकीचं पाऊल तसंच पडत होतं. चेंडू सुटला, पोर तोंडावर आपटली. उठली, दोन पावलं गेली, पुन्हा पडली. मग उठलीच नाही. बसूनच सरकत गेली.

"अहो, ही नक्कल नाहीये," तिने नवऱ्याला सांगितलं.

"तुझं आपलं काहीतरी. मूल आहे, पडणारच. आपण काय पोटातून धावत बाहेर आलो?"

"महिन्यापूर्वी पळत होती ती."

"मग पुन्हा पळेल. तू टक लावून बघतेस ना, त्यानेच पडते."

तो उठून गेला. जाताना उंबऱ्याला त्याचं बोट अडखळलं. तिने ते पाहिलं आणि वही काढली.

नवऱ्याला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सासऱ्यांचं मात्र एक होतं. त्यांना झिजलेला तळ दाखवला की ते माणूस सांगत. हा उजव्या खांद्यावर ओझं वाहतो, ही बाई दिवसभर उभी असते, याचे गुडघे लवकरच कुरकुरणार. गिऱ्हाइकं मुद्दाम शेजाऱ्याचा जोडा आणून परीक्षा घ्यायची, आणि सासरे कधी चुकले नव्हते. फक्त स्वतःचा तळ त्यांनी कधी उलटून पाहिला नव्हता. पायातला जोडा कोण बघतो?

दुसऱ्या दिवशी नवरा माल पोचवायला गेल्यावर तिने तीन जोड्यांचे तळ रापीने सोडवले. कातडं कापायची ती चपटी सुरी तिने पहिल्यांदाच हातात धरली होती. अंगठा कापला. तो चिंधीने बांधून ती मागच्या खोलीत गेली आणि पहिले दोन तळ सासऱ्यांपुढे ठेवले.

"हे कुणाचे गं?"

"आलेत दुरुस्तीला. तुम्ही सांगा."

सासऱ्यांनी तळ उजेडात धरले, कडेवरून अंगठा फिरवला. "टाच कोरी आहे बघ, नव्यासारखी. पुढची कड मात्र पार गेलीय. हा माणूस पाय उचलत नाही, बोटं फरफटतात. आता एका पायाचं असतं तर म्हटलं असतं, कमरेतली शीर, नाहीतर जुना मार, नाहीतर लकव्याचा झटका. पण हे दोन्ही सारखे. दोन्ही पाय एकदम सारखे बिघडले, तर खोट पायात नसते पोरी. अंगात काहीतरी भिनलेलं असतं."

तिने पुढचे दोन दिले.

"हा पहिल्याचा भाऊ दिसतो," सासरे म्हणाले. "याचं आत्ता कुठे सुरू झालंय. पण वाट तीच."

मग तिने शेवटचे दोन ठेवले. तिच्या तळहाताएवढे.

सासऱ्यांनी ते उचलले आणि त्यांचा अंगठा कडेवरच थांबला. ते लहान तळ त्यांनी स्वतः कापले होते, आत मऊ कातडं लावून.

"नक्कल करते म्हणतात सगळे," ती म्हणाली.

"नक्कल करणारं पोर खेळात रमलं की विसरतं," सासरे म्हणाले. "तळ विसरत नाही. हे दिवसभराचं आहे." त्यांनी पहिले तळ पुन्हा जवळ ओढले. पायातून काढून ठेवलेल्या स्वतःच्या चपलेशी ताडून पाहिले. "हे माझे."

"हो."

"आणि मधले त्याचे."

"हो. माझे आणि आईंचेही पाहिले मी. टाचेवर झिजलेत, सगळ्यांचे झिजतात तसे. बाबा, आम्ही दोघी या खोलीत बसत नाही."

खोलीत सोल्युशन लावलेले चोवीस तळ वाळत मांडलेले होते. खिडकी बंद होती. कातड्याच्या तुकड्यांवर ठकी झोपली होती, ओठ किंचित उघडे, गाल लाल. आणि दाराखाली तिच्याच हाताने कोंबलेली चादर.

"आधी पोरीला उचल," सासरे म्हणाले. ते स्वतः उठायला गेले, खिडकीकडे. दोन पावलं गेले आणि साच्यांच्या राशीवर कोसळले. तिला एकाच वेळी दोघांना धरता येईना. तिने पोरीला धरलं.

मोठ्या इस्पितळात शिरा तपासायला तिघांच्याही पायांना तारा लावल्या. ठकी रडून रडून निजली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो कामाचा, आणि कोरा डबा पाहायला मागितला. झाकण उघडताच त्यांनी तोंड फिरवलं. "याच्या वाफा," त्या म्हणाल्या. "पायाच्या शिरा टोकापासून मारत येतात. सगळ्यात लांबच्या शिरा आधी, म्हणून बोटं. डोळे मिटले की तोल जायचा तो त्यामुळेच. पाय कुठे आहे हे पायच सांगत नाही, मग माणूस डोळ्यांनी चालतो."

"खोली बंद केली आम्ही," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. "डबा फेकून दिला. आता थांबेल ना?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "लगेच नाही. हे असंच असतं. कारण थांबलं तरी दोन-तीन महिने पाय उतरतच जातात, आणखी लुळे पडतात. मग थांबतात. मग चढायला लागतात."

"सगळ्यांचे?"

"लहान मुलांचे बहुतेक चढतात."

त्या 'बहुतेक'ला धरून मास्तरीण घरी आली. दुसरं धरायला काही नव्हतं.

आता खिडक्या सताड उघड्या असतात, घर गारठलेलं असतं आणि कुणी हू की चू करत नाही. सासरे ओसरीवर बसून पुन्हा दोऱ्याने तळ शिवतात. बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. नवरा दिवसातून चारदा स्वतःच्या पायाची बोटं हलवून पाहतो, कुणी आलं की पाय आत घेतो. सासूबाई हसत नाहीत. "मी हसले गं," एवढंच मध्येच म्हणतात.

पहिल्या आठवड्यात ठकी भिंत धरून चालायची. दुसऱ्या आठवड्यात खाट धरून उभी राहायची. आज सकाळी मास्तरणीने तिला अंथरुणाच्या कडेला बसवलं, स्वतः दोन हात अंतरावर जाऊन बसली आणि म्हणाली, "ये."

ठकीने हात पसरले. पायांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. मग आईकडे पाहून म्हणाली, "तू ये."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, उचलू नकोस, प्रयत्न करू दे," नवरा दारातून हळू म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

ओसरीवरून सासऱ्यांनी दोरा ओढायचं थांबवलं. घरात कुणाच्याच पावलाचा आवाज नव्हता. पहिला महिना संपायला अजून तेरा दिवस होते, आणि डॉक्टरीणबाईंनी तीन महिने सांगितले होते.

"ये ना," ठकी म्हणाली, आता रडवेली होऊन.

मास्तरीण जागची हलली नाही. तिने हात तेवढे आणखी पुढे केले.