बिंदू आढळला नाही

तिच्या पोटात काहीही खचलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तसं लिहूनही दिलं. आता हे आपण वाचलंच नाही असं धरून चालू, कारण मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या टेपला ते माहीत नव्हतं, आणि तिच्याआधी आपणच सुटकेचा श्वास टाकणं बरं दिसत नाही.

टेप हे तिचं ऑफिसातलं नाव. ती जमिनी मोजायची. दोन भावांमधलं चार बोटांचं भांडण पाच मिनिटांत मिटवायची आणि दोघांच्याही शिव्या खायची.

घोळ झाला तो पाळीच्या कपामुळे. कपासोबतच्या कागदावर लिहिलं होतं, की कुठल्या मापाचा घ्यायचा हे ठरवायला गर्भाशयाचं मुख किती उंचीवर आहे ते बोटाने बघा. कागदाला एकदाच बघा म्हणायचं होतं. पण एकाच मोजणीवर विसंबायला टेप काय नवशिकी होती? तिने सव्वीस दिवस, रोज सकाळी सातला, एक पाय स्टुलावर ठेवून नोंदी घेतल्या. तारीख, वेळ, खोली, दिशा, शेरा. चौथ्या दिवशी दीड पेर. तेराव्या दिवशी बोटच पुरेना. शेरा, 'बिंदू आढळला नाही'. चोविसाव्या दिवशी परत एका पेरावर, शिवाय डावीकडे कललेला.

खुणेचा दगड हलला की जमिनीच्या कामात दोनच अर्थ निघतात. एकतर शेजाऱ्याने सरकवला, नाहीतर खालची जमीन खचतेय. इथे शेजाऱ्याचा काही संबंध नव्हता.

त्यात मावशीची गर्भपिशवी खाली आली होती आणि ती काढावी लागली होती. मावशी साठीची, चार मुलांची आई. टेप सव्वीसची, आणि तिला पुढेमागे एक तरी मूल हवं होतं. तिचं जेवण तुटलं. त्या आठवड्यात तिने आयुष्यात पहिल्यांदा दोन भावांमधलं एक कुंपण अकरा सेंटीमीटरने चुकवलं.

"वही कशाला आणलीस?" सोबत आलेल्या ताईने विचारलं.

"पुरावा म्हणून."

"अगं, डॉक्टर आहेत त्या. कोर्ट नाही."

"ताई, काढून टाकू म्हणाल्या तर?"

"लहानपणी तुझी पेन्सिल तेवढी मी नेली. बाकी तुझं काही कोणाला नेऊ दिलंय का मी?"

सिस्टरने आधी लघवीला जाऊन यायला सांगितलं. मग टेबल, अंगावर चादर. डॉक्टरीणबाई प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होत्या. "आता थंड लागेल. पाय सैल सोड. हा नुसता ब्रश फिरवतेय, सगळ्याच बायकांनी ठरावीक वर्षांनी करायची तपासणी आहे. आता खोक. अजून एकदा." टेप छताकडे बघत होती. छताच्या टाइल्स भिंतीला समांतर नव्हत्या. कोणालाच पर्वा नव्हती.

कपडे करून आल्यावर तिने वही पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी एकेक पान उलटलं.

"इतक्या नीट नोंदी मी आजवर पाहिल्या नाहीत. मोजलंयस अगदी बरोबर. अर्थ तेवढा चुकलाय. पाळीच्या आसपास मुख खाली असतं, नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट. मधल्या दिवसांत वर जातं, मऊ होतं."

"आणि डावीकडे?"

"कोणाचं डावीकडे, कोणाचं मागे. तुझं गर्भाशयही थोडं मागे झुकलंय. पाचातल्या एकीचं असतं. नाकं तरी सगळ्यांची कुठे सरळ असतात?"

ताईने हळूच नाकाला हात लावला.

"म्हणजे खचत नाहीये?"

"नाही. खोकलीस तेव्हा काहीही खाली आलं नाही."

"मूल?"

"याच्यामुळे अडणार नाही. पाळी सोडून रक्त गेलं, संबंधानंतर गेलं, दुखलं, खाली काही येतंय असं वाटलं, तर लगेच ये. नाहीतर तीन वर्षांनी. वहीशिवाय."

"पण बिंदूच हलत असेल, तर मोजायचं कसं?"

"मोजायचं नाही."

शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडून असं वाक्य टेपने प्रथमच ऐकलं. बाहेर येऊन तिने दोन सँडविच खाल्ली. मग ताईचंही खाल्लं. पेन्सिलीचा हिशेब मिटला असावा.

आठ दिवसांनी ब्रशवाल्या तपासणीचा रिपोर्टही स्वच्छ आला. त्याच दुपारी टेपने साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला:

'महोदय, अर्जदाराच्या असे निदर्शनास आले आहे की, काही बिंदू ठरावीक दिवशी वर जातात, खाली येतात व डावीकडे कलतात, आणि तरीही ते पूर्णपणे निकोप असतात. सोबत सव्वीस दिवसांच्या नोंदी व वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले आहे. तरी गेल्या महिन्यातील कुंपणाचा अकरा सेंटीमीटरचा फरक ही चूक न धरता, सदर कुंपणाची नैसर्गिक हालचाल म्हणून ग्राह्य धरावा, व ते मूळ जागी परत येईपर्यंत दोन्ही भावांना वाट पाहण्याचे लेखी आदेश द्यावेत, ही नम्र विनंती.'